टाकीत चुकीचे तेल गेले तर?

यंत्र हे एका अर्थाने मुके जनावर आहे. बैलाचे काय दुखते ते मालकाला कळते, कारण दोघे एका गोठ्याच्या आसपास वाढलेले असतात. यंत्राचे तसे नसते. ते दुकानातून विकत येते आणि त्याला काय पचते, काय पचत नाही, हे समजून घेण्याआधीच आपण त्याला कामाला जुंपतो. मग एखाद्या दिवशी ते बंद पडते. आपण त्याला शिव्या देतो आणि मेकॅनिकला पैसे देतो. शिकत मात्र काहीच नाही. प्रस्तुत लेखात अशा एका साध्या यंत्राची, म्हणजे लाकूड कापण्याच्या चेनसॉ मशीनची ओळख करून द्यावयाची आहे. त्याच्या टाकीत चुकीचे तेल पडले तर काय करावे, हा आपला विषय. विषय लहान आहे, पण हातावर पोट असणाऱ्या घरासाठी तो लहान नाही.

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या जलाशयाने करमाळा, माढा, इंदापूर, दौंड या तालुक्यांतील काठच्या गावांचे जीवन पालटून टाकले. कोणाच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, कोणाच्या बांधाशी पाणी आले. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, कंदरसारख्या गावाची केळी परदेशी जाऊ लागली. पाण्याबरोबर यंत्रेही आली. आधी पाणी उचलणारी इंजिने आणि मोटारी आल्या, पाठोपाठ फवारणीचे पंप, गवत कापण्याची मशीन आणि आता चेनसॉ. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठावर माजलेली वेडी बाभूळ तोडण्याचे काम निघते. पूर्वी कुऱ्हाडीने दोन माणसांना दिवस लागे, ते काम चेनसॉने तासाभरात उरकते. साहजिकच गावोगावी दोन-चार मशीन झाली आणि ती चालविणारी तरुण मुलेही तयार झाली.

एक हकिकत

माझ्या नात्यातील एक मुलगा करमाळा तालुक्यातील काठच्या एका गावात असेच काम करीत होता. मशीन दुसऱ्याचे होते आणि हा रोजंदारीवर होता. बांधावर दोन कॅन ठेवलेले होते, दोन्ही पांढरे आणि एकाच मापाचे. एकात पाण्याच्या इंजिनाचे डिझेल होते, दुसऱ्यात चेनसॉचे तेल मिसळलेले पेट्रोल. दुपारच्या घाईत त्याने डिझेलचा कॅन उचलला आणि चेनसॉची टाकी भरली.

मशीन चालू होईना. त्याने दोरी पंचवीस-तीस वेळा ओढली. मग वास आला आणि चूक त्याच्या ध्यानात आली. मालक पलीकडच्या रानात होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण मजुरी कापली जाईल या भीतीने त्याने हाक मारली नाही. सायंकाळी गुपचूप डिझेल ओतून टाकले. सकाळी मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून ते चेनसॉमध्ये भरले. मशीन चालू झाले. आधी पांढरा धूर निघाला, मग आवाज चांगला स्वच्छ झाला. मुलाला वाटले, झाले काम. अर्ध्या तासाने चालत्या मशीनचा आवाज एकदम चिरका झाला आणि ते जागच्या जागी थांबले. दोरी हलेना. इंजिन धरले होते.

तालुक्याच्या मेकॅनिकने सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात आतला पिस्टन दाखविला. नांगराने तास पाडावेत तशा उभ्या रेघा त्याच्या अंगावर पडल्या होत्या. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही नवीन टाकावे लागले. मुलाच्या बारा दिवसांच्या मजुरीइतका खर्च आला. मालक वयस्कर आणि समजूतदार होता. तो एवढेच म्हणाला, "आरं पोरा, त्याच येळेला सांगितलं आसतंस तर वाटीभर पेट्रोलात भागलं आसतं." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं तात्या, तुम्ही मजुरी कापताल."

ही हकिकत नीट पाहिली तर तिच्यात दोन चुका दिसतात. पहिली चूक डिझेल भरण्याची. ती दिसायला मोठी असली तरी तिने मशीनचे काहीही बिघडविले नव्हते. दुसरी चूक नुसते पेट्रोल भरण्याची. ती दिसलीच नाही आणि तिनेच पिस्टन खाल्ला. या दोन्हींच्या मधोमध न मारलेली एक हाक होती. हे असे का झाले, ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिन कसे चालते

लाकूड कापण्याचे पेट्रोलवरील यंत्र जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२९ साली तयार केले. त्याआधी १९२६ साली त्यांनी विजेवर चालणारे यंत्र केले होते. त्या काळची यंत्रे इतकी जड असत की ती धरायला दोन माणसे लागत. आज एका माणसाच्या हातात मावणारे जे मशीन आपण पाहतो, ते हलके असण्याचे मुख्य कारण त्याचे टू-स्ट्रोक इंजिन.

मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा जीपच्या इंजिनात खाली तेलाचे वेगळे कोठार असते. इंजिन ऑइल त्यात राहते, फिरणाऱ्या भागांना वंगण देते आणि पुन्हा खाली येते. पेट्रोल किंवा डिझेल जळण्यापुरते येते आणि जाते. दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. टू-स्ट्रोक इंजिनाला असे कोठार नसते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या पोकळीत शिरते, तेथून बाजूच्या वाटेने वर चढते आणि मग ठिणगीने पेटते. म्हणजे इंधन बेअरिंगवरून, क्रँकवरून आणि पिस्टनच्या अंगावरून प्रवास करूनच वर जाते. या प्रवासातच वंगणाचे काम उरकावे, म्हणून पेट्रोलमध्ये थोडे टू-टी ऑइल मिसळतात. पेट्रोल जळते आणि तेलाचा पातळ थर धातूवर राहतो. तेच त्या इंजिनाचे वंगण. दुसरे वंगण त्याला मिळत नाही.

चेनसॉचे इंजिन भरधाव असताना मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेते. इतक्या वेगात तेलाचा थर नसेल तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घासू लागतो. जळलेला वायू ज्या बाजूने बाहेर पडतो ती बाजू सर्वांत गरम असते, म्हणून रेघा बहुधा तेथे आधी पडतात. मुलाच्या मशीनमध्ये आदल्या दिवसाचा तेलाचा जो काही अंश उरला होता, त्यावर ते काही वेळ चालले. अंश संपला आणि इंजिन धरले.

येथे आपल्या पिढीने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना रस्त्यावर आली. त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटर आली. ही दोन्ही वाहने टू-स्ट्रोक होती. पेट्रोल पंपावर गेले की पेट्रोलबरोबर तेल घालायचे, हे तेव्हा शाळकरी मुलालाही ठाऊक होते. २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि फोर-स्ट्रोक गाड्यांनी रस्ता व्यापला. आज वीस वर्षांच्या मुलाने जन्मात फक्त नुसते पेट्रोल भरलेले पाहिले आहे. म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या मशीनमध्ये नुसते पेट्रोल भरणे त्याला बरोबरच वाटते. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. जे ज्ञान घराघरांत होते ते पुढे दिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चेनसॉच्या दोन टाक्या

चेनसॉला दोन झाकणे असतात. एक इंधनाच्या टाकीचे. तिच्यात पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे मिश्रण जाते. दुसरे चेनच्या तेलाच्या टाकीचे. तिच्यातील घट्ट, चिकट तेल पट्टीवर फिरणाऱ्या चेनला मिळते. इंधनाच्या झाकणापाशी पेट्रोल पंपाचे चित्र असते आणि चेनच्या तेलापाशी थेंब व चेनचे चित्र असते. मशीन जुने झाले की धूळ आणि भुसा बसून ही चित्रे दिसेनाशी होतात. ती फडक्याने पुसून ठेवणे हा पहिला उपाय.

इंधनाच्या टाकीच्या आत एक मऊ रबरी नळी असते आणि तिच्या टोकाला वजनदार फिल्टर. मशीन आडवे धरा वा तिरपे, फिल्टर नेहमी तळाशी जातो. ही सोय पुढे आपल्याला एका धोक्याच्या संदर्भात आठवायची आहे.

कोणते तेल काय करते

एक, डिझेल. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते. चेनसॉमध्ये तेवढा दाब नसतो, ठिणगी असते. पेट्रोलची वाफ कोणत्याही ऋतूत सहज होते, म्हणून ते ठिणगीने पेटते. डिझेलची वाफ तशी होत नाही, म्हणून ते नुसता प्लग ओला करून बसते. डिझेल मुळात तेलकट असते. त्यामुळे दोरी ओढल्याने पिस्टनला इजा होत नाही. साफ केले की मशीन पूर्ववत होते. रॉकेलचेही बहुतांशी असेच, मात्र ते पेट्रोलमध्ये थोडे मिसळले गेले तर मशीन चालते, तापते आणि फसवते.

दोन, चेनचे तेल इंधनाच्या टाकीत. हे तेल चेनवरून उडू नये म्हणून मुद्दाम चिकट केलेले असते. ते फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकते. मशीन चालू होत नाही किंवा दाट धूर सोडून बंद पडते. नुकसान थोडे, पण साफसफाई जास्त. फिल्टर बहुधा नवीनच टाकावा लागतो.

तीन, इंधन चेनच्या तेलाच्या टाकीत. येथे धोका मशीनपेक्षा माणसाला अधिक. चेनला वंगण मिळत नाही, पट्टी तापते आणि तापलेल्या पट्टीजवळ पेट्रोल उडत राहते. पुढे वाळलेला भुसा असतोच. अशा स्थितीत मशीन चालू करून पाहू नये.

चार, पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. फिल्टरही तळाशीच असतो. म्हणून टाकीत चमचाभर पाणी गेले तरी इंजिनाला आधी पाणीच मिळते.

पाच, नुसते पेट्रोल. यात मशीन उत्तम चालू होते, आवाजही छान येतो, आणि हाच सर्वांत मोठा धोका. बाकीची द्रव्ये मशीनला चालूच होऊ देत नाहीत, म्हणजे एका अर्थी ती आपल्याला सावध करतात. नुसते पेट्रोल सावध करीत नाही.

सहा, टू-टीऐवजी मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल मिसळणे. हे तेल जळण्यासाठी केलेले नसते. त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. असे मिश्रण भरले गेले असेल तर तेही काढून टाकावे.

काय पडले ते कसे ओळखावे

विद्यार्थ्यांना करता येईल असा एक साधा प्रयोग आहे. तो मोठ्या माणसासमोर, उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावा. पांढऱ्या कागदावर टाकीतील द्रव्याचा एक थेंब टाकावा आणि काही वेळ थांबावे. नुसते पेट्रोल असेल तर उडून जाईल आणि जवळजवळ डाग राहणार नाही. तेल मिसळलेले पेट्रोल असेल तर फिकट तेलकट कडे राहील. डिझेलचा डाग तेलकट असतो आणि बराच वेळ जात नाही. पाणी असेल तर कागद चुरगळतो आणि वास येत नाही. टू-टी ऑइलला बहुधा निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो, त्यामुळे मिश्रणाला हलकी छटा येते. थेंब टाकून झाल्यावर तो कागद घरात नेऊ नये.

दुरुस्तीचा क्रम

चूक लक्षात येताच पहिला नियम असा की दोरी ओढणे थांबवावे. मशीन चालू असेल तर लगेच बंद करावे. त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

१. मशीन पूर्ण थंड होऊ द्यावे. मोकळ्या हवेत, सावलीत बसावे. जवळ चूल, विडी, वेल्डिंगचे काम नसावे. स्विच बंद ठेवून प्लगची टोपी काढावी. मग झाकणाभोवतीचा भुसा झाडून पुसून घ्यावा, नाहीतर तोच आत पडतो.

२. झाकण उघडून सर्व द्रव्य एका डब्यात ओतावे. जमिनीवर ओतू नये. याचे कारण पुढे येईल.

३. तारेचा बोथट आकडा करून टाकीतील नळी अलगद बाहेर ओढावी आणि फिल्टर काढावा. नळी ताणू नये, ती फाटली तर हवा ओढते. डिझेल किंवा पाणी गेले असेल तर फिल्टर धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतो. चिकट तेल गेले असेल तर नवीन घालावा. त्याची किंमत फार नसते.

४. टाकीत अर्धी वाटी बरोबर मिश्रण घालावे, झाकण लावून मशीन चारी बाजूंनी हलवावे आणि ते ओतून टाकावे. असे दोनदा करावे. या धुण्यासाठीही नुसते पेट्रोल वापरू नये. त्यातले थोडे आत राहिले आणि आपण विसरलो तर मूळ चूक पुन्हा घडते.

५. प्लग काढावा. तो ओला असेल तर फडक्याने पुसून उन्हात वाळवावा, विस्तवावर धरू नये. मशीन असे धरावे की प्लगचे छिद्र खाली आणि आपल्या तोंडापासून दूर राहील. स्विच बंद असल्याची पुन्हा खात्री करून दोरी आठ-दहा वेळा सावकाश ओढावी. आत साचलेले द्रव्य फवाऱ्यासारखे बाहेर येईल. पंधरा-वीस मिनिटे छिद्र उघडे ठेवून वाळू द्यावे.

६. फिल्टर आणि प्लग बसवावे, ताजे मिश्रण भरावे. मशीनला रबरी फुगा असेल तर तो काही वेळा दाबावा, म्हणजे कार्बोरेटरमधील जुने द्रव्य पुढे सरकून ताजे येते. मग नेहमीप्रमाणे चोक लावून मशीन जमिनीवर दाबून धरावे आणि दोरी ओढावी. सुरुवातीला धूर येईल. दोन-चार मिनिटे मंद चालवावे, धूर ओसरेपर्यंत लाकडाला लावू नये.

७. एवढे करूनही चालू झाले नाही तर कार्बोरेटर खोलून धुवावा लागेल. त्यात पातळ पडदे असतात. सवय नसेल तर ते काम मेकॅनिककडे द्यावे आणि कोणते द्रव्य गेले होते ते त्याला स्पष्ट सांगावे. डॉक्टरपासून आजार लपवून औषध लागू पडत नाही.

नुसत्या पेट्रोलवर मशीन चालले असेल तर एक जादा तपासणी हवी. प्लग बसविलेला असताना दोरी सावकाश ओढून पाहावी. ती टप्प्याटप्प्याने अडत असेल तर दाब शाबूत आहे. अजिबात न अडता सैल येत असेल, किंवा खरखर जाणवत असेल, तर मशीन चालू न करता सायलेन्सर खोलून पिस्टन पाहून घ्यावा. अंग गुळगुळीत असेल तर नशीब बलवत्तर. रेघा असतील तर चालविण्याचा हट्ट धरू नये.

चेनच्या तेलाच्या टाकीत इंधन गेले असेल तर ते ओतून, टाकी उघडी ठेवून उडू द्यावे. मग थोडे चेनचे तेल घालून हलवून ओतावे आणि पुन्हा भरावे. पट्टी व चेन पुसावी. मशीन चालू करून पट्टीचे टोक एखाद्या कागदासमोर, न टेकवता, धरावे. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे वंगण पोहोचते आहे.

उसाचे इथेनॉल आणि पेट्रोलमधले पाणी

आता आपल्या भागाशी संबंधित एक नवी गोष्ट. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. उसापासून साखर होते तसे इथेनॉलही होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के मिश्रणाचे २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट देशाने २०२५ सालीच गाठले. आपल्या रानातला ऊस अशा रीतीने आपल्याच मशीनच्या टाकीत परत येतो. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण चेनसॉवाल्याने एक गुणधर्म ओळखला पाहिजे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर करतात. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. फिल्टर नेहमी तळाशी जातो, हे मागे पाहिले. म्हणजे इंजिनाला बिनतेलाचा थर मिळतो. आपण कोणतीही चूक केली नसतानाही टाकीत चुकीचे द्रव्य तयार होते, ते असे.

उपाय सोपा आहे. लागेल तेवढेच मिश्रण करावे, महिन्याहून जुने वापरू नये, कॅनचे झाकण घट्ट असावे आणि पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, आत उरलेले जळेपर्यंत ते चालवावे.

ओतलेले तेल कोठे टाकावे

बांधावर ओतले की झाले, असे आपण समजतो. पण उजनीच्या काठावरचा बांध म्हणजे जलाशयाचा काठ. पावसाळ्यात पाणी तेथवर चढते. ज्या जमिनीवर मे महिन्यात तेल ओतले ती ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते. त्या पाण्यावर काठची गावे, मासेमारी करणारी कुटुंबे, थंडीत येणारे रोहित पक्षी आणि खाली सोलापूर शहरही अवलंबून आहे. थोडेसे तेलसुद्धा पाण्यावर फार दूरवर पसरते. तेव्हा काढलेले द्रव्य झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर "खराब तेल" असे लिहून, जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. त्याच कारणाने गाडीतून काढलेले काळे तेल चेनसाठी वापरू नये. ते चेनवरून उडते, लाकडावर, मातीत आणि आपल्या अंगावर बसते.

चूक होऊ नये म्हणून

प्रत्येक द्रव्यासाठी वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या मापाचा कॅन ठेवावा. वाचता न येणाऱ्या माणसालाही हाताने ओळखता यावा, म्हणून डिझेलच्या कॅनच्या मुठीला सुतळी गुंडाळावी. मिश्रणाच्या कॅनवर ते केल्याची तारीख लिहावी.

मापाबाबत अंदाज चालत नाही. मशीनच्या पुस्तिकेत १ : ५० असे दिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, १ : ४० असेल तर २५ आणि १ : २५ असेल तर ४० मिलिलिटर. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलिलिटरची सुईविना सिरिंज यासाठी उत्तम माप आहे. एक सिरिंज, एक लिटर, हे कोणीही लक्षात ठेवू शकतो. आधी थोड्या पेट्रोलमध्ये तेल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल ओतावे आणि टाकीत भरण्यापूर्वी कॅन पुन्हा हलवावा.

आणखी एक, जे सर्वांत महत्त्वाचे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मशीनच्या टाकीत चुकीचे तेल गेले तर ते धुता येते. तहानलेल्या लेकराच्या पोटात गेले तर ते धुता येत नाही. तसे घडलेच तर उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण उलटीत ते फुफ्फुसात शिरते. लगेच दवाखाना गाठावा आणि बाटली सोबत न्यावी.

शेवटी थोडेसे

बँकेत आम्हा कारकुनांना पहिल्या आठवड्यातच शिकवितात की चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यावर कागद चिकटवायचा नाही. अधिकाऱ्याला सांगून उलट नोंद करायची. चूक दिसत राहते, पण हिशेब बरोबर येतो. लपविलेली चूक मात्र दुसऱ्या चुकीला जन्म देते आणि मग दिवसअखेर रोकड जुळत नाही. चेनसॉचेही तेच झाले. डिझेल ही पहिली नोंद होती. ती सांगितली असती तर मालकाने बरोबर मिश्रण दिले असते आणि मशीन संध्याकाळी पुन्हा चालू झाले असते.

पण सारी जबाबदारी मुलावर टाकून मोकळे होता येणार नाही. चूक सांगितल्यावर मजुरी कापली जाते असा अनुभव ज्याच्या गाठीला आहे, तो हाक कशी मारील? म्हणून मशीनच्या मालकांना एक विनंती. मशीन हातात देतानाच कामगाराला सांगा, "काही चुकीचं पडलं तर आधी थांब आणि मला हाक मार, पैसे कापणार नाही." हे एक वाक्य नव्या पिस्टनपेक्षा स्वस्त आहे. आणि तरुणांना एवढेच सांगणे की यंत्र चालवायला येणे ही अर्धी विद्या, ते कशावर चालते आणि कशाने मरते हे कळणे ही उरलेली अर्धी. ती अर्धी ज्याच्याजवळ आहे, तो फार काळ दुसऱ्याच्या मशीनवर रोजंदारी करीत नाही.

आमचा तो मुलगा आज त्याच मालकाकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा बांधावर एक लाल कॅन आणि एक सुतळी गुंडाळलेला पांढरा कॅन ठेवलेला होता. खिशातून सिरिंज काढून तो एका नव्या पोराला मिश्रण कसे करायचे ते दाखवीत होता.

स्वाध्याय

१. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण कोणत्या मार्गाने मिळते? ते आकृती काढून दाखवा.

२. डिझेल भरले तर मशीन वाचते, पण नुसते पेट्रोल भरले तर बिघडते. असे का?

३. ५ लिटर पेट्रोलसाठी १ : ५० आणि १ : ४० या प्रमाणात टू-टी ऑइल किती लागेल? (उत्तर : १०० आणि १२५ मिलिलिटर.)

४. आपल्या घरात व रानात कोणकोणती तेले कोणत्या भांड्यांत ठेवली आहेत, त्याची यादी करा. दोन भांडी सारखी दिसत असतील तर आजच त्यांना खूण करा.